मायग्रेन आणि आपलं खाणंपिणं: सुरुवात कुठून करायची

मायग्रेन आहे असं कळलं की माणूस पहिलं विचारतो, आता काय काय बंद करू? दही बंद करू का, आंबट बंद करू का, शेंगदाणे चालतात का, वांगं चालतं का. मला मनापासून सांगावंसं वाटतं की बंद करायच्या यादीपासून सुरुवातच करू नका. आधी जेवायच्या वेळा, पाणी आणि चहा या तीन गोष्टी जाग्यावर आणा, पदार्थांचं नंतर बघू. कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या याद्यांमधले बरेच पदार्थ तुम्हाला काहीच करत नसतात, तुम्ही उगंच एकेक सोडत जाता, ताट रिकामं होत जातं, आणि रिकामं पोट हे तर मायग्रेनच्या अटॅकचं ठरलेलं कारण.

अजून एक आधीच सांगते, खाण्यामुळं मायग्रेन "होत" नाही. तो मुळात मेंदूचा आणि नसांचा आजार आहे, बऱ्याच घरांत आईकडून लेकीकडं आलेला असतो, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट दिसतो. खाण्यापिण्यानं फरक पडतो तो अटॅक किती वेळा येतो आणि किती जोरात येतो यात. म्हणून डॉक्टरांची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची, हे सगळं तिच्या जोडीला करायचं.

आधी बघा, हे पित्त आहे का मायग्रेन

आपल्याकडं डोकं दुखून मळमळायला लागलं की घरात कुणीतरी म्हणणारच, "पित्त झालंय गं, ओकून टाक, बरं वाटंल." आणि खरंच उलटी झाल्यावर कित्येकांना बरं वाटतं, मग पित्ताचा शिक्का जो बसतो तो कायमचाच, वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी चालू राहते आणि डोकं काही थांबत नाही. तर हे बघा. डोकं एका बाजूनं ठणकतंय (काहींचं दोन्ही बाजूंनी पण दुखतं), उजेड नको वाटतो, मिक्सरचा आवाज सहन होत नाही, फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळतं, जिना चढला की ठणका वाढतो, आणि काही औषध घेतलं नाही तर हे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतं. असं परत परत होत असेल तर ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन असायची शक्यता भरपूर आहे. काहींना डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा अर्धं दिसेनासं होतं, ते साधारण ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहतं.

उलटीचं गणित पण समजून घ्या, कारण इथंच लोक फसतात. अटॅक चालू झाला की पोटाचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढं सरकत नाही. सकाळी खाल्लेली भाकरी दुपारच्या उलटीत तशीच्या तशी पडते आणि माणूस म्हणतो, बघा पचलंच नाही म्हणून डोकं दुखलं. खरं तर डोक्याचा अटॅक आधीच सुरू झालेला असतो आणि पोट त्याच्यामुळं थांबलेलं असतं. याच कारणानं उशिरा घेतलेली गोळी पण पोटात नुसती पडून राहते, म्हणून डॉक्टर सांगतात की दुखायला लागल्या लागल्या घ्या, सहन करत बसू नका.

आणि अजून एक फसवाफसवी. बऱ्याच जणांना अटॅकच्या आदल्या दिवशीच बारीक बारीक खुणा दिसतात, सारख्या जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, आणि गोड खावंसं वाटतं. मग माणूस चॉकलेट खातो, पेढा खातो, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो आणि दोष चॉकलेटवर जातो. १९९७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात वारंवार डोकं दुखणाऱ्या ६३ बायकांना चॉकलेट आणि त्याच्यासारखंच लागणारं दुसरं काहीतरी, कुठलं काय ते न सांगता देऊन बघितलं, तर चॉकलेटनं डोकं जास्त दुखलं असं काही निघालं नाही. म्हणजे कुणालाच चॉकलेटनं त्रास होत नाही असं नाही, पण सगळ्यांनी सरसकट सोडायची गरज नाही.

पहिली पायरी: एक वही

मोबाइलमध्ये ॲप आहेत, चालतील, पण अटॅकमध्ये स्क्रीनकडं बघवत नाही म्हणून मी साध्या वहीच्या बाजूची आहे. किंवा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, तिथंच दुधाचा हिशोब असतो, तिथंच हे. निदान दोन महिने लिहायचं. फार मोठं लिहू नका, नाहीतर चार दिवसांत कंटाळा येतो. एवढं पुरे:

"मंगळवार. दुपारी ३ ला डावीकडं सुरू. सकाळी नुसता चहा, जेवण अडीचला. पाणी कमी. रात्री झोप ५ तास. पाळीच्या आधी दोन दिवस. गोळी १, साडेतीनला. रात्री ९ ला थांबलं."

यात खाल्लेला पदार्थ किती वाजता खाल्ला हे पण लिहा, आणि ज्या दिवशी तोच पदार्थ खाऊन काही झालं नाही तो दिवस पण लिहा. हे लोक विसरतात. फक्त दुखलेल्या दिवसाचं लिहिलं तर प्रत्येक पदार्थ गुन्हेगार दिसायला लागतो.

वही कशाला पाहिजे ते लग्नसराईत लई चांगलं कळतं. समजा मे महिना आहे, लग्न परभणीच्या बाजूला एका गावात, सकाळी सहाला गाडी निघाली म्हणून पाचला उठलात, घरून फक्त चहा घेऊन निघालात. मुहूर्त १२ चा, लागलं दीडला, मांडव पत्र्याचा, डीजे कानाशी, ऊन ४२ च्या पुढं, पाण्याचा जार लांब. पंगतीला बसलात तेव्हा तीन वाजत आलेले, भुकेनं दोन जिलब्या आणि मठ्ठा आधी घेतला. संध्याकाळी डोकं फुटायची वेळ. घरी आल्यावर सगळे म्हणणार मठ्ठा बाधला. आता तुम्हीच बघा की झोप गेली, नाष्टा गेला, पाणी गेलं, ऊन लागलं, आवाज झाला, आणि मठ्ठा आला सगळ्यात शेवटी. रांजण आधीच काठोकाठ भरलेला होता, मठ्ठा हा वरचा एक तांब्या. मायग्रेन बहुतेक वेळा असाच येतो, चार-पाच गोष्टी एकावर एक बसतात, म्हणून एकच पदार्थ एकदा बाधतो आणि दहादा बाधत नाही.

दुसरी पायरी: जेवायच्या वेळा

सगळ्यात जास्त फायदा मला इथंच दिसतो, त्यामुळं यावर जरा जास्त बोलते.

आपल्याकडं घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. सकाळी उठून चहा, मग डबे, पोरांची शाळा, धुणं, सासऱ्यांचा नाष्टा, आणि तिचं स्वतःचं पहिलं खाणं अकरा-बाराला. रात्री आठला जेवली असेल तर १५-१६ तास पोटात नुसता चहा. डोकेदुखीच्या वैद्यकीय यादीत तर उपाशी राहिल्यानं येणारी डोकेदुखी म्हणून वेगळा प्रकारच आहे, आठ तास किंवा जास्त उपाशी राहिल्यावर येणारी, आणि मायग्रेन असणाऱ्याला ती लवकर गाठते. शेतावर जाणाऱ्यांचं तेच, ऊसतोडीला गेलेल्यांचं तेच, पहाटे निघायचं आणि भाकरी सोडायची दहा-अकराला. लातूरला क्लासला आलेली पोरं सकाळची बॅच गाठायला उपाशीच पळतात, रात्री दीडपर्यंत जागतात, आणि मेसचं आवडलं नाही की बिस्किटांवर भागवतात, त्यांच्या डोकेदुखीला अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून दिलं जातं.

करायचं काय, तर उठल्यावर एक-दीड तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. पोहे-उपमा करत बसायला वेळ नसेल तर रात्रीची अर्धी भाकरी आणि दूध, किंवा भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेल, मूठभर फुटाणे-गूळ, एक केळं, एखादं उकडलेलं अंडं, सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन) करायला तर दहा मिनिटं लागत नाहीत. नुसती खारी-टोस्ट आणि गोड चहा यावर दिवस ढकलू नका, ते तासाभरात उतरतं आणि परत भूक. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, पिठलं हे आपलं रोजचं जेवण मायग्रेनसाठी चांगलंच आहे, त्यात काही बदलायची गरज नाही, फक्त ते वेळेवर पोटात गेलं पाहिजे. दोन खाण्यांत जागेपणी चार-पाच तासांच्या वर अंतर नको. पिशवीत, दप्तरात, ट्रॅक्टरच्या डब्यात फुटाणे-शेंगदाण्याची पुडी कायम असू द्या. रविवारी पण तीच वेळ, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणं आणि उशिरा खाणं यानं बऱ्याच जणांचं डोकं नेमकं रविवारीच दुखतं.

घरात सासू असेल, जाऊबाई असतील, तर त्यांना सरळ सांगा की आई, मी आठ वाजता दोन घास खाऊन घेते, नाहीतर माझं डोकं दुखून दुपारी मी झोपूनच राहीन आणि सगळं तुमच्यावर पडेल. यात लाजायचं काहीही नाही, हे औषधासारखंच आहे.

उपवास आणि रोजा

उपवास सोडा असं मी म्हणत नाही, तुळजापूरची भवानी ज्यांच्या घरची कुलदेवी आहे त्यांना नवरात्रात नऊ दिवस धरायचे असतात हे मला कळतं. पण कसा धरायचा यात फरक करता येतो. नुसती साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, त्यात शेंगदाण्याचं कूट भरपूर टाका, सोबत दही घ्या. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, दूध, केळं, ताक, असं दिवसभर थोडं थोडं खा. उपवासाच्या दिवशी बायका चहावर चहा पितात, तो नको. आणि निर्जळी उपवास, हरतालिकेसारखा, ज्यांना अटॅक येतोच येतो त्यांनी पाणी-फळं घेऊन करावा, घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून ठेवावं. दोन उपवास लागून आले तर एकच धरा.

रोजा ठेवणाऱ्यांनी सहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, चुकवू नये हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि सहरीत फक्त चहा-पाव नको, अंडी, दही, डाळ, भाकरी-चपाती असं टिकणारं काही पाहिजे. पहिल्या चार-पाच रोज्यांत डोकं जास्त दुखतं त्याचं एक कारण चहा एकदम तुटणं हे पण असतं, म्हणून रमजानच्या दोन आठवडे आधीपासूनच चहा हळूहळू कमी करत आणा. इफ्तार ते सहरी पाणी थोडं थोडं चालू ठेवा. दर वर्षी त्रास होत असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा, गोळ्यांच्या वेळा बदलून मिळू शकतात. बाई गरोदर असेल, शुगर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास किंवा रोजा कुठलाच नको.

तिसरी पायरी: पाणी

हे लवकर सांगून टाकते कारण सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी करत नाही. मार्च ते जून आपल्याकडं जे ऊन पडतं त्यात तहान लागायची वाट बघू नका. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी पडतंय. बायका बाहेर बाथरूम नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, बसस्टँडवर, शेतात, शाळेत, ही अडचण खरी आहे, तरी निघायच्या आधी आणि पोचल्यावर भरून काढा. उन्हात काम असेल तर ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पन्हं. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ आणि पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

चौथी पायरी: चहा

चहा वाईट नाही. त्यातलं कॅफिन काहींची डोकेदुखी कमी पण करतं, म्हणून तर डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफिन घातलेलं असतं. त्रास होतो तो जास्त झाल्यानं आणि एकदम तुटल्यानं. घरच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीच्या मगात याच्या दुप्पट किंवा जास्त. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर रोज जात असेल आणि एखाद्या दिवशी चुकलं तर २४ तासांच्या आत डोकं दुखायला लागतं आणि ते आठवडाभर राहू शकतं. ऑफिसात आणि दुकानात बसणाऱ्यांचे सहा-सात चहा कधी होतात कळत पण नाही, पाहुणा आला की एक, गिऱ्हाईक आलं की एक, नाही म्हणलं तर समोरच्याला राग.

म्हणून आधी मोजा. मग आठवड्याला एक कप कमी करा, एकदम बंद करू नका. दोन, फार तर तीन कपांवर या आणि रोज त्याच वेळेला घ्या, सुट्टीत पण. उपाशीपोटी चहा नको, सोबत काहीतरी खा. पाहुण्यांच्या घरी अर्धा कप मागा, अर्ध्या कपाला कुणी नाराज होत नाही.

पाचवी पायरी: आता पदार्थ तपासा

वरच्या तीन गोष्टी सहा-आठ आठवडे नीट सांभाळल्यावर पण अटॅक येतच असतील, आणि वहीत एखादा पदार्थ परत परत दिसत असेल, तरच हे करा. एका वेळी एकच पदार्थ. चार आठवडे पूर्ण बंद, बाकी सगळं तसंच. मग परत खाऊन बघा, चांगली झोप झालेल्या, पोट भरलेल्या दिवशी, दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी. दर वेळी २४ तासांच्या आत डोकं दुखलं तर तो पदार्थ तुमचा, सोडा. नाही दुखलं तर निवांत खा.

कशावर संशय घ्यायचा? दारू सगळ्यात वर, त्यात रेड वाइनचं नाव जास्त घेतलं जातं. खूप दिवस मुरवलेलं चीज, त्यात टायरामीन नावाचा घटक तयार होतो. आपलं ताजं पनीर त्या प्रकारातलं नाही. सॉसेज, सलामीसारखं पाकिटातलं मांस, त्यात नायट्राइट घालतात. काहींना डाएट कोल्ड्रिंकमध्ये साखरेऐवजी घालतात त्या ॲस्पार्टेमनं त्रास होतो. चायनीजच्या गाड्यावरच्या अजिनोमोटोचं नाव फार खराब झालंय, पुरावा मात्र कच्चाच आहे, तरी तुमच्या वहीत आलं तर तपासा. दही, टोमॅटो, लिंबू, वांगं, शेंगदाणे हे कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका, विशेषतः घरात दूध-डाळ आधीच कमी असेल तर. लहान पोरांचं आणि गरोदर बाईचं काहीही बंद करायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

करडई, जवस आणि गोळ्या

२०२१ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, मायग्रेनच्या १८२ जणांवर, १६ आठवड्यांचा. त्यात ज्यांच्या जेवणात मासळीतलं ओमेगा-३ वाढवलं आणि तेलातलं लिनोलेइक आम्ल कमी केलं (ही दोन्ही तेला-चरबीतली आम्लं), त्यांचे डोकं दुखायचे दिवस नेहमीच्या जेवणवाल्यांपेक्षा महिन्याला साधारण ४ नं कमी झाले. आता आपल्यासाठी यातलं बघण्यासारखं म्हणजे करडईचं तेल, मराठवाड्याचं खास, त्यात हेच लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, सूर्यफूल आणि सोयाबीनमध्ये पण असतं. म्हणून करडई वाईट झाली का? नाही. हृदयासाठी ते चांगलंच मानलं जातं आणि एका अभ्यासावरून घाण्याचं तेल फेकून द्यायचं काही कारण नाही. तळण कमी करा, तेल आलटून पालटून वापरा, त्यात शेंगदाण्याचं पण येऊ द्या. मासळी खात असाल तर बांगडा, तारली मिळेल तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी रोज दोन चमचे. जवसात वेगळ्या जातीचं ओमेगा-३ असतं, शरीर त्याचं मासळीतल्यासारखं रूपांतर थोडंच करतं, तेव्हा तेवढ्याच फायद्याची खात्री धरू नका, पण चटणी तशीही चांगलीच.

मॅग्नेशियम आणि बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन, या दोघांचा काहींना अटॅक कमी व्हायला उपयोग होतो. मॅग्नेशियम ज्वारी, बाजरी, तीळ, हरभरा, शेंगदाणे, पालेभाज्यांतून मिळतं. बी-२ चा अभ्यासातला डोस मात्र रोज ४०० मिलिग्रॅम आहे, तो खाण्यातून मिळणं शक्यच नाही, गोळीच लागते, आणि गुण यायला तीनेक महिने लागतात. मेडिकलवरून मनानं आणू नका, किडनीचा त्रास असणाऱ्याला मॅग्नेशियमची गोळी धोक्याची ठरू शकते.

डॉक्टरांकडं कधी

महिन्यातून चारपेक्षा जास्त दिवस दुखत असेल तर जा. दुखण्याच्या साध्या गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, मिक्स गोळ्या (एकीत दोन-तीन औषधं असलेल्या) किंवा मायग्रेनच्या खास गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं असेल तर गोळ्यांमुळंच डोकं दुखायला लागतं, तिथं खाण्यानं काही होणार नाही, ते डॉक्टरच सोडवतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी आहे, जवळची गाठा. जाताना ती वही आणि खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या, गोळीचं नाव आठवत नसतं आणि डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

आणि यातलं काही झालं तर वही-बिही सोडा आणि लगेच १०८ ला फोन करा: आयुष्यात कधी झालं नाही असं एकदम कडाक्याचं दुखणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोलता न येणं, तापासोबत मान ताठ होणं, शुद्ध हरपणं, झटके येणं, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं किंवा बाळंतपणाच्या आगेमागे नवीन डोकेदुखी सुरू झाली तर त्याच दिवशी दाखवा, पित्त म्हणून घरी थांबू नका.